नऊ नंबरच्या खाटेवरची परीक्षा

“म्हणजे मी नेमकं कुठं बघायचं?”

दीपमालानं हे विचारलं तेव्हा वॉर्डातल्या घड्याळात सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. सगळं तिथूनच सुरू झालं.

“समोरच्या चित्राकडं बघा,” दस्तगीर मास्तर म्हणाले.

“आणि बघून झाल्यावर?”

“तुम्हाला वाटेल ते करा.”

मास्तरांनी स्वतः मात्र चित्राकडं पाठ केली. खिशातून पट्टा तुटलेलं जुनं घड्याळ काढलं, बारक्या वहीत काहीतरी टिपलं, आणि दीपमालाच्या तोंडाकडं बघत उभे राहिले.

दीपमालाला हे नवलच वाटलं. चित्र दाखवायला आणायचं आणि आपण पाठ फिरवून उभं राहायचं, ही कुठली तऱ्हा?

मांडीवर नंदू होती. पाळण्यातलं नाव राजनंदिनी. सव्वीस दिवसांची पोर, वजन सव्वादोन किलो. पोरीपेक्षा तिचं नावच जड आहे, असं दीपमालाचा नवरा हसून म्हणायचा. बाहेरून बघितलं तर लेकरात काही उणं नव्हतं. रडायला तोंड उघडलं की दिसायचं. वरच्या टाळूला मधोमध फट होती. तिला अंगावर ओढता येत नव्हतं, आणि पाजलेलं दूध नाकातून बाहेर यायचं.

फट शिवता येते, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण त्याला वजन पाहिजे, आणि वजनाला दूध पाहिजे. आईनं स्वतःच्या हातानं, वाटी-चमच्यानं पोटभर पाजलं की घरी सोडू, म्हणाले.

आईनं स्वतःच्या हातानं. गाडी तिथंच अडली होती.

घरी एकदा दीपमालानं पोरीला आडवं धरून चमचा लावला होता. दूध नाकात चढलं. लेकरू निळं पडलं. सासूनं पालथं धरून पाठ थोपटली आणि श्वास आला. तेवढंच झालं, पण त्या दिवसापासून चमचा हातात धरला की दीपमालाची बोटं थरथरायची. इथं येऊन पाच दिवस झाले, पाचही दिवस उबाळे सिस्टरच पाजत होत्या.

आजही वाटी भरून तयार होती. दूध दीपमालाचंच, काढून ठेवलेलं. वाटीत चमचा.

आणि समोर ते चित्र.

चित्राशेजारी ते काढणारी मुलगी उभी होती. पांढरा कोट, केस वर बांधलेले, मान ताठ. शाल्मली तिचं नाव. सकाळी ती आली तेव्हा दीपमालानं सिस्टरला हळूच विचारलं होतं, “ह्या डॉक्टर का?”

“डॉक्टर नाही गं.”

“मग सिस्टर?”

“ती पण नाही. शरीराची चित्रं काढायचं शिक्षण असतं. पदवी झाल्यावर पुढं दोन वर्षं. डॉक्टर लोकांची पुस्तकं असतात ना, त्यातली चित्रं, शिवाय पेशंटला समजावून सांगायची चित्रं. आमच्या कॉलेजात तो वर्ग आहे. सगळ्या राज्यातनं सहाच जणांना घेतात.”

“सहाच?”

“हिचा पहिला नंबर. त्याआधी कला महाविद्यालयात सोन्याचं पदक.” सिस्टर असं बोलल्या जणू पदक त्यांच्याच घरी टांगलंय. “आज तिची शेवटची परीक्षा. मास्तरांनी चित्रावर सही केली की झाली पास.”

“आणि ते म्हातारे?”

“दस्तगीर मास्तर. अडतीस वर्षं इथं चित्रकार होते. आम्ही सगळ्या त्यांच्या तक्त्यांवर शिकलो, मोठे डॉक्टर पण. आता रिटायर झालेत, तरी परीक्षेला त्यांनाच बोलावतात.”

परीक्षा म्हटल्यावर दीपमाला पदर सावरून ताठ बसली. एवढी शिकलेली माणसं आपल्या खाटेशी येऊन परीक्षा घेणार, म्हणजे विचारणार कुणाला? आपल्यालाच. मग बघायचं कुठं, ते आधीच विचारून घेतलेलं बरं.

म्हणून ती बघायला लागली. शाळेत गुरुजी नकाशा टांगायचे आणि छडी हातात घ्यायचे, तेव्हा बघायची तशी.

चित्र खरंच देखणं होतं. बाळाचं डोकं बाजूनं अर्धं कापून दाखवलेलं, कलिंगड कापावं तसं, पण रक्ताचा थेंब नाही. गालाचा रंग अगदी नुकत्या न्हाऊ घातलेल्या पोरासारखा. जावळाचा एकेक केस वेगळा. आत जीभ, नाकाची वाट, घशाची वाट, श्वासाची वाट. टाळूची फट गडद लाल. दूध बरोबर कसं जातं त्याचा निळा बाण, चुकून कसं जातं त्याचा लाल बाण. बारीक अक्षरात नावं. मृदू टाळू. अन्ननलिका. श्वासनलिका. दीपमालानं एकेक अक्षर जुळवून वाचलं, डोळे मिटून मनात घोकलं, परत वाचलं.

मग तिची नजर लाल बाणावर गेली, आणि तिथून हलेना.

बाण नाकात चढत होता. फुप्फुसाकडं उतरत होता.

असंच गेलं होतं. घरी, त्या दिवशी. नेमकं असंच.

नंदू कुरकुरायला लागली. वाटीतलं दूध निवून गेलं. दीपमालाचे दोन्ही हात लेकराभोवती आवळले गेले.

“कसं वाटलं चित्र?” शाल्मलीनं मऊ आवाजात विचारलं.

“लई सुंदर आहे, मॅडम. नजर हटत नाही.”

शाल्मली हसली. मान आणखी जराशी वर गेली.

मास्तरांनी घड्याळ बघितलं. “तेरा मिनिटं,” ते म्हणाले आणि वहीत लिहिलं. “सिस्टर, पाजा पोरीला.”

उबाळे सिस्टरनं नंदूला घेतलं, दूध बदललं आणि पाजायला बसल्या. दीपमाला खाली मान घालून बसली. आपण नापास झालो, एवढं तिला कळलं होतं. फक्त कोणत्या प्रश्नात, ते कळलं नव्हतं.

मास्तर शाल्मलीला खिडकीपाशी घेऊन गेले. खिडकी नऊ नंबरच्या खाटेपासून चार पावलांवर. सगळं ऐकू येत होतं.

“नापास,” मास्तर म्हणाले.

…

“काय चुकलं, मास्तर?”

“काहीच चुकलं नाही.”

“मग?”

“तेरा मिनिटं बघत होती ती.”

“हो. म्हणाल्या पण, नजर हटत नाही.”

“ऐकलं मी.”

“मास्तर, पाच आठवडे लागलेत मला ह्याला. शस्त्रक्रियेच्या सरांनी एकेक रेघ तपासली आहे. डॉक्टरांच्या परिषदेत लावणार आहेत हे चित्र. तुम्ही तर ते बघितलंसुद्धा नाहीत, पाठ करून उभे होतात.”

“मी तिला बघत होतो.”

“परीक्षा चित्राची आहे ना?”

मास्तरांनी वही पुढं केली. एका रकान्यात लिहिलं होतं, चित्र दाखवलं दहा वीस. दुसऱ्या रकान्यावर लिहिलं होतं, चमचा उचलला. त्याखाली कोरं होतं.

“पुढचं दूध किती वाजता?” मास्तरांनी सिस्टरला मोठ्यानं विचारलं.

“बारा वीस. दर दोन तासांनी.”

“दोन तास आहेत,” मास्तर शाल्मलीला म्हणाले, आणि बाकावर जाऊन डोळे मिटून बसले.

शाल्मली चित्र काखेत मारून ताडताड निघून गेली. जाताना तिच्या चपलांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू आला.

दीपमालाला राहवेना. ती हळूच म्हणाली, “मास्तर, माझ्यामुळं त्या मॅडमचं नुकसान झालं का? मला विचारलं असतं तर मी सांगितली असती की सगळी नावं. पाठ झालीत.”

मास्तरांनी डोळे उघडले.

“म्हणा बघू.”

“मृदू टाळू. अन्ननलिका. श्वासनलिका.”

“वा. डॉक्टरांच्या पहिल्या वर्षाला पण इतक्या लवकर होत नाहीत पाठ.”

दीपमालाला एवढ्या भीतीतसुद्धा बरं वाटलं. मग मास्तर म्हणाले, “पण परीक्षा तुमची नाही, बाई.”

“मग कुणाची?”

“झोपा जरा. लेकरू झोपलंय तोवर.”

बारा वाजून वीस मिनिटांनी शाल्मली परत आली. आता तिच्या हातात साधा पांढरा कागद होता. मधे दोन तास तिनं जेवणसुद्धा केलं नसावं. बोटांना शाई तशीच होती.

चित्र बदललं होतं. लाल बाण नाही, कापलेलं डोकं नाही, अवघड नावं नाहीत. नुसत्या काळ्या रेघा. बाळ समोरून दाखवलेलं, तोंड आपल्याकडं, सरळ बसवलेलं. बाजूनं दोन हात आलेले. एक हात मान धरतोय, दुसऱ्या हातात चमचा, चमचा तोंडाच्या कोपऱ्यात गालाकडं. सोपं. कुणालाही कळावं असं.

“बघा, ताई,” शाल्मली म्हणाली. ह्या वेळी ती हसली नाही.

मास्तर चित्राकडं पाठ करून उभे राहिले. घड्याळ हातात.

दीपमालानं बघितलं. लगेच हललीसुद्धा. चित्रात बाळ जसं होतं तसं तिनं नंदूला धरलं. तोंड आपल्याकडं, समोर, दोन्ही हात तिच्या काखेत घालून सरळ. नंदूची मान डुगडुगली. दीपमालानं घाईनं एक हात मानेला लावला, दुसरा पाठीला.

मग चमच्याकडं बघितलं.

मग आपल्या हातांकडं.

“मॅडम,” ती म्हणाली, “चमचा कुठल्या हातानं धरू?”

उबाळे सिस्टरना हसू आवरेना. “अगं, तिसऱ्या.”

दीपमाला पण हसली, पण कागदावरची नजर काढली नाही. तिनं नंदूला डावीकडून धरून बघितलं, उजवीकडून धरून बघितलं, मग मान वाकडी करून चित्र उलटं बघितलं. मग खरंच समजत नाही म्हणून तिनं विचारलं, “मॅडम, हे हात कुणाचे?”

“म्हणजे?”

“हे दोन. कागदाच्या कडेकडनं आलेत. ह्याच्यात आई कुठाय?”

…

शाल्मलीनं कागद स्वतःकडं वळवून बघितला.

“ते दाखवायचे हात आहेत,” ती म्हणाली. “कसं करायचं ते कळावं म्हणून. ते कुणाचे नसतात.”

“असं होय,” दीपमाला म्हणाली. पटलं नव्हतं, पण मॅडम म्हणतायत तर असेल.

“चार मिनिटं,” मास्तर म्हणाले. “चमचा उचलला नाही. सिस्टर, पाजा.”

परत खिडकी. परत दोघं.

“कुठं उभी होतीस तू?” मास्तरांनी विचारलं.

“केव्हा?”

“काढताना.”

“मी टेबलाशी बसून काढलं.”

“डोळे कुठं उभे होते?”

“समोर. खाटेच्या पायथ्याशी. डॉक्टर उभे राहतात तिथं.”

“आणि ती?”

“मास्तर, जगात सगळीकडं असंच काढतात. माझ्याकडं चार मोठी पुस्तकं आहेत. चारही पुस्तकांत बाळ समोरून आहे.”

“पुस्तकाला मांडी नसते,” मास्तर म्हणाले.

…

ह्या वेळी शाल्मली तशीच उभी राहिली. खिडकीबाहेर बघत. दीपमालाला तिचा कान आणि गाल दिसत होता, आणि गाल लाल झाला होता. आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल, दीपमालाच्या मनात आलं. घरी हिची आई देवापाशी दिवा लावून बसली असेल, पोरीची परीक्षा आहे म्हणून. फोन वाजला की धावत जाऊन उचलेल.

“ताई,” दीपमाला म्हणाली.

शाल्मली वळली.

“तुमचं चित्र चांगलं होतं. पहिलं पण आणि हे पण. मीच भित्री आहे.”

शाल्मली खाटेपाशी आली. पहिल्यांदाच तिनं नंदूकडं नीट बघितलं. चित्र काढण्यासारखं नाही, नुसतंच.

“कशाची भीती वाटते?” तिनं विचारलं.

मग दीपमालानं तिला घरचं सगळं सांगितलं. आडवं धरलं होतं ते, नाकातून दूध आलं ते, नखं निळी झाली ते. सिस्टर सोडून हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगताना तिचा हात आपोआप चमचा धरल्यासारखा वळला आणि तिथंच थांबला.

शाल्मली त्या हाताकडं बघत राहिली.

“मास्तर,” ती म्हणाली, “तिसरं चित्र मी टेबलाशी नाही काढणार.”

मास्तर म्हणाले, “हं.”

दोन वाजून वीस मिनिटांनी ती आली तेव्हा तिच्याजवळ चित्रच नव्हतं. एक कोरा जाड कागद आणि पेन्सिल, बस.

मास्तरांनी चित्र टांगायची घडवंची उचलून भिंतीकडं सरकवली. मग म्हणाले, “चपला काढ.”

शाल्मलीनं काढल्या.

“कोट पण.”

तिनं कोट काढून खाटेच्या कठड्याला अडकवला.

“चढ वर. तिच्या मागं बस.”

सरकारी खाट ती. दोघींच्या वजनानं करकरली. दीपमाला पाय खाली सोडून पुढं बसलेली, शाल्मली तिच्या मागं गुडघे मोडून, जत्रेच्या बैलगाडीत बायका दाटीवाटीनं बसतात तशी. तिची हनुवटी दीपमालाच्या खांद्याला लागत होती.

“इथनं तर वेगळंच दिसतं,” शाल्मली पुटपुटली.

“काय दिसतं?” मास्तरांनी विचारलं.

“कपाळ. जावळ. नाकाचं टोक. आणि…”

“आणि?”

“आणि टाळू दिसतच नाही, मास्तर. फट दिसत नाही इथनं.”

मास्तरांनी मान डोलावली.

“ताई, कागद कशावर ठेवू?” शाल्मलीनं इकडंतिकडं बघितलं. कागदाखाली धरायची पाटी घडवंचीपाशी राहिली होती. “तुमच्या पाठीवर ठेवला तर चालेल?”

“ठेवा की.”

“दूध नाही पाजायचं आत्ता. मला फक्त हात बघायचेत. नंदूला तुम्हाला बरं वाटेल तसं धरा आणि रिकामा चमचा हातात घ्या. नुसता.”

रिकाम्या चमच्याची काय भीती. दीपमालानं नंदूला डाव्या हातावर घेतलं, डोकं कोपराच्या वळणात, पाठ आपल्या पोटाला टेकवून अर्धी बसलेली. सिस्टर पाच दिवस सांगत होत्या तसंच. हे तिला येत होतं. उजव्या हातात चमचा घेतला आणि नंदूच्या ओठाच्या कोपऱ्याशी नेऊन थांबवला.

“असंच,” शाल्मली म्हणाली. “हलू नका.”

पाठीवर पेन्सिल चालायला लागली.

दीपमालाला ती कळत होती. ब्लाउजच्या कापडावरून, कागदाच्या पलीकडून, अगदी बारीक. एक लांब रेघ, तिचा डावा हात असणार. एक गोल, नंदूचं डोकं. मग बारीक बारीक टिचक्या, जावळ. कुणी आपल्याला पाठीवर काढतंय असं तिला वाटलं, आणि गुदगुल्या व्हायच्या ऐवजी खांदे सैल पडले. पाच दिवसांत पहिल्यांदा.

नंदू चमच्याकडं बघत होती. तिनं जीभ बाहेर काढली. चमच्याच्या कडेला लावली. कोरडा चमचा. परत लावली. तोंड वाकडं केलं.

“अगं, रिकामा आहे तो,” दीपमाला तिला म्हणाली. “ह्या ताईंचं चित्र व्हायचंय.”

नंदूनं तिसऱ्यांदा जीभ लावली आणि आईकडं असं बघितलं, की मोठं माणूस असतं तर दोन शब्द सुनावले असते.

दीपमालानं चमचा शेजारच्या भरलेल्या वाटीत बुडवला.

तिला आपण काय केलं ते कळलंसुद्धा नाही. अर्धा चमचा, कोपऱ्यातून, गालाकडं.

“ताई, हात हलला,” शाल्मली मागून म्हणाली. “चमचा काढायचा राहिलाय माझा…”

मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं.

पेन्सिल थांबली.

नंदूनं गिळलं. दीपमालानं थांबून बघितलं. दुसरा अर्धा चमचा. गिळलं. तिसरा. चौथा.

पाचव्याला ठसका लागला.

नंदूचे डोळे मोठे झाले. नाकाच्या कडेला पांढरा थेंब आला. उबाळे सिस्टर झटकन पुढं आल्या. मास्तरांनी आडवा हात धरला. सिस्टरनी रागानं त्यांच्याकडं बघितलं, पण थांबल्या, हात पुढं करूनच.

दीपमालाचा चमचा हवेत होता. मागून शाल्मलीचा श्वास तिच्या मानेवर अडकलेला.

दीपमालानं चमचा बाजूला केला. नंदूला आणखी सरळ केलं, पुढून आपल्या छातीला टेकवलं. पाठीवर हात. वाट बघितली. नाकावरचा थेंब पदरानं टिपला.

…

नंदूनं शिंक दिली. मग जांभई. मग तोंड उघडून परत चमचा शोधायला लागली.

“हां, देते की. पळतंय का कुठं दूध?” दीपमाला म्हणाली, आणि सहावा चमचा दिला.

सातवा. आठवा. कुणी मोजत नव्हतं असं सगळ्यांनी दाखवलं, पण सगळे मोजत होते. वाटीचा तळ दिसला तेव्हा उबाळे सिस्टर हळूच म्हणाल्या, “बत्तीस.” मग नेहमीसारख्या ओरडल्या, “ढेकर काढ आधी, नुसतं बघत काय बसलीस.”

दीपमालानं नंदूला खांद्यावर घेतलं, त्याच खांद्यावर जिथं शाल्मलीची हनुवटी होती. शाल्मलीच्या नाकासमोर नंदूनं ढेकर दिली, आणि थोडं दूध शाल्मलीच्या केसांवर सांडलं.

“परीक्षकानं शेरा दिला बघ तुला,” सिस्टर म्हणाल्या.

शाल्मली खाली उतरली. केस पुसायचं तिच्या लक्षातच आलं नाही. कागद हातात धरून ती उभी होती. दीपमालानं मान लांब करून बघितलं.

आईच्या डोळ्यांनी वरून दिसावं तसं होतं सगळं. खाली मांडी, लुगड्याची घडी, त्यावर टेकलेलं बाळ. बाळाचं कपाळ, जावळ, नाकाचं टोक, किंचित उघडलेले ओठ. दोन हात कागदाच्या खालच्या कडेनं वर आलेले, बघणारीच्या स्वतःच्या अंगातून यावेत तसे. डाव्या हातात चार बांगड्या. उजव्या अंगठ्याजवळ तव्याचा चटका, भाकरी करताना लागलेला, अजून न गेलेला.

“हे माझे हात आहेत,” दीपमाला म्हणाली.

“हो.”

“चटका पण काढला तुम्ही.”

“पुसू का?”

“नको, राहू द्या.” तिनं सिस्टरना बोलावलं. “बघा सिस्टर, माझे हात.” मग तिच्या लक्षात आलं, आपण जरा मोठ्यानंच बोललो. पण तिला लाज वाटली नाही. घरी गेल्यावर नवऱ्याला सांगायचं, सासूला सांगायचं, शेजारी सगळीकडं सांगायचं, कॉलेजच्या शेवटच्या परीक्षेत माझे हात होते म्हणून. पदकवाल्या मुलीनं काढले. माझ्याच पाठीवर कागद ठेवून.

मास्तर चित्रापाशी आले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांनी चित्राकडं तोंड केलं. चष्मा वर करून, कागद डोळ्यांपाशी नेऊन, बराच वेळ बघितलं.

“सही करायला घाई नको, मास्तर,” शाल्मली म्हणाली. आता तिच्या बोलण्यात सकाळचं काही नव्हतं. “अपुरं आहे. चमचा राहिलाय. बोटं नुसतीच वळलेली आहेत, त्यात काहीच नाही. दोन मिनिटं द्या, मी काढते. आणि ताईंनी हे बघून पाजलंच नाही, त्यांनी आत्ता बघितलं. मग परीक्षा कुठं झाली?”

मास्तरांनी कागद खाटेच्या कठड्यावर टेकवला. खालच्या कोपऱ्यात आधी तिचं नाव लिहिलं, शाल्मली देवरुखकर, सगळी अक्षरं सुबक, तक्त्यावर लिहायचे तशी. त्याखाली आपली सही केली. तारीख घातली.

शाल्मलीनं पेन्सिल पुढं केली, चमचा काढायला.

मास्तरांनी ती पेन्सिल तिच्या बोटांतून काढून घेतली आणि आपल्या कानावर खोवली.

…

मग कागद त्यांनी शाल्मलीला दिला नाही. दीपमालासमोर धरला.

“अकरा नंबरला सकाळी एक बाई आलीय,” ते म्हणाले. “पोरगं बारा दिवसांचं. टाळूचंच आहे. सकाळपासून नुसती बघत बसलीय त्याच्याकडं. हे नेऊन द्या तिला.”

“मी?”

“तुम्हीच.”

दीपमालानं नंदूला एका हातावर नीट घेतलं आणि दुसऱ्या हातानं कागद धरला. शाल्मलीकडं बघितलं. शाल्मलीनं मान हलवली.

“जाते की. पण तिला सांगू काय, मास्तर?”

मास्तर घड्याळ खिशात ठेवत होते.

“चित्र अपुरं आहे, त्यातला चमचा तिचा तिनं धरायचा, एवढंच सांगा. … आणि म्हणावं, पुढं जी येईल तिलाही हेच सांग.”